नेवाकाठच्या चित्रशाळेचा जीर्णोद्धार

नेवा नदीच्या काठी, पीटर्सबर्गच्या वासिल्येव्स्की बेटाच्या किनाऱ्यावर, जेथे ईजिप्तमधील थीब्झच्या भग्नावशेषांतून आणलेले, तिसऱ्या आमेनहोतेप राजाची मुखाकृती धारण करणारे दोन पाषाणी स्फिंक्स 1834 सालापासून एकमेकांकडे पाहत बसले आहेत, तेथे त्यांच्या पाठीशी एक विस्तीर्ण व भारदस्त अशी अठराव्या शतकातील वास्तू उभी आहे. सम्राज्ञी एलिझाबेथच्या अमदानीत 1757 साली स्थापन झालेल्या कला-अकादमीसाठी ही वास्तू बांधावयास 1764 साली आरंभ झाला, आणि तेव्हापासून रशियातील चित्रकलेचा इतिहास बहुतांशी या वास्तूत घडला, किंवा या वास्तूशी भांडून घडला. 1863 साली सुवर्णपदकाच्या स्पर्धेसाठी नेमून दिलेला स्कँडिनेव्हियन पुराणातील विषय नाकारून क्राम्स्कोयच्या पुढाकाराने चौदा विद्यार्थी येथूनच बाहेर पडले. आणि पुढे 1870 साली ज्या चित्रकारांनी फिरत्या प्रदर्शनांची मंडळी स्थापून आपली चित्रे गावोगावी नेली, त्यांच्यातील बहुतेकांचा हात याच शाळेत तयार झालेला होता. बंडखोरांनाही बंडाचे साधन ज्या शाळेने पुरविले, त्या शाळेचे सामर्थ्य कशात होते हे पाहणे मला अगत्याचे वाटते. कारण प्रस्तुत लेखाचा नायक इसाक ब्रॉड्स्की याने आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे जे कार्य करण्यात वेचली, ते या सामर्थ्याचा पुनरुद्धार करण्याचे होते, आणि त्याने रंगविलेल्या नेत्यांच्या भव्य तसबिरींपेक्षा ते कार्यच त्याचे खरे कर्तृत्व होय, असे माझे मत आहे.

ते सामर्थ्य रेखांकनाच्या शिस्तीत होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पावेल चिस्त्याकोव्ह या अध्यापकाने त्या शिस्तीला जे रूप दिले, त्याला रशियन कलेत तोड नाही. स्वतः चिस्त्याकोव्हने थोडी चित्रे रंगविली व त्यांतली कित्येक अपुरीच ठेवली. परंतु रेपिन, सुरिकोव्ह, पोलेनोव्ह, वास्नेत्सोव्ह, सेरोव्ह आणि व्रूबेल असे एकमेकांशी काडीचे साम्य नसलेले चित्रकार त्याला गुरू मानीत, ही एकच गोष्ट त्याच्या अध्यापनाची थोरवी सांगण्यास पुरेशी आहे. वस्तूची बाह्यरेषा गिरविण्यापूर्वी तिचे अवकाशातील स्थान ओळखावे, तिचे पृष्ठभाग कोणत्या दिशेस वळतात ते जाणावे, डोके काढावयाचे तर कवटीचा सांगाडा त्वचेच्या आत कसा बसला आहे याची जाणीव पेन्सिलीच्या टोकापर्यंत उतरू द्यावी, हे त्याच्या शिकवणुकीचे सार होते. असा विद्यार्थी पुढे वास्तववादी होवो, प्रतीकवादी होवो, वा पुराणकथांची चित्रे काढो, पायाचे काम त्याला पुन्हा करावे लागत नसे. आपल्या मुंबईत 1857 साली स्थापन झालेल्या सर ज. जी. कलाशाळेतही प्लास्टरच्या ग्रीक-रोमन प्रतिकृतींसमोर बसून विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी हात घटविला, त्यामुळे मराठी चित्रकारांना या शिस्तीची ओळख नवी नाही. मात्र तेथे ती परक्या राज्यकर्त्यांनी आणलेली होती, आणि रशियात दीडशे वर्षांच्या वादविवादांतून ती त्या समाजाच्या अंगवळणी पडली होती, एवढा भेद ध्यानात ठेवला पाहिजे.

इसाक ब्रॉड्स्कीचा जन्म 1884 सालच्या जानेवारीत, आझोव्ह समुद्राकाठच्या बेर्द्यान्स्क नगराजवळील सोफियेव्का नावाच्या खेड्यात, एका ज्यू कुटुंबात झाला. झारच्या राज्यात ज्यूंच्या वास्तव्यावर कडक निर्बंध असत व राजधानीत राहावयाचे तर त्यांना खास परवान्याची आवश्यकता पडे; तेव्हा दक्षिणेकडील एखाद्या खेड्यातील ज्यू मुलाने पीटर्सबर्गच्या राजमान्य अकादमीत प्रवेश मिळविणे ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. ओडेसाच्या कलाशाळेत किरियाक कोस्तांदी या प्रेमळ व विवेकी शिक्षकाच्या हाताखाली त्याने प्राथमिक धडे घेतले. कोस्तांदी स्वतः फिरत्या प्रदर्शनांच्या मंडळीतला. उन्हात न्हालेली अंगणे, लायलॅकचे ताटवे, संथ मठजीवन हे त्याचे आवडते विषय. ब्रॉड्स्कीच्या आरंभीच्या निसर्गचित्रांत जो एक मृदू प्रकाश आढळतो, त्याचा उगम मला या ओडेसातील वर्षांतच दिसतो. 1902 साली तो पीटर्सबर्गला आला आणि इल्या रेपिनच्या चित्रशाळेत दाखल झाला. 1893-94 च्या सुधारणांनंतर अकादमीचे दरवाजे एकेकाळच्या बंडखोरांना उघडले गेले होते व रेपिन तेथे आचार्यपदी विराजमान होता. गुरूचा या शिष्यावर विशेष लोभ जडला, आणि तो अखेरपर्यंत टिकला.

या तरुणाच्या हाताचा एक स्वभावधर्म प्रारंभापासूनच प्रकट झालेला होता. निष्पर्ण झाडाच्या डहाळ्या हिवाळी आकाशाच्या पार्श्वभूमीवर एकमेकींत गुंतून जे जाळे विणतात, ते ब्रॉड्स्की इतक्या चिकाटीने व इतक्या आनंदाने रंगवी की, पाहणाऱ्याला लेस विणणाऱ्या कुशल स्त्रीच्या बोटांची आठवण व्हावी. 1905 सालच्या क्रांतीत त्याने उपहासपर नियतकालिकांसाठी व्यंगचित्रे काढली, निःशस्त्र मिरवणुकीवर झालेल्या गोळीबारातील मृतांच्या अंत्ययात्रेवर 1906 साली ‘लाल अंत्ययात्रा’ हे चित्र रचले. परंतु राजकारणाच्या त्या लाटेतही त्याचा जीव रमे तो पानांत, फांद्यांत, जमिनीवर सांडलेल्या प्रकाशाच्या कवडशांत. अकादमीचा अभ्यासक्रम संपल्यावर शिष्यवृत्तीवर तो युरोपभर हिंडला, काप्री बेटावर मॅक्झिम गॉर्कीच्या सहवासात राहिला, त्याचे व्यक्तिचित्र काढले. रोममधील एका उद्यानाच्या वृक्षवीथीचे 1911 सालचे त्याचे चित्र पुढे हरवले असे कित्येक दशके समजले जात होते. अलीकडे त्रेत्याकोव्ह चित्रसंग्रहातील तज्ज्ञांनी त्याच्या 1930 सालच्या ‘उद्यानातील वीथी’ या चित्राची क्ष-किरणांनी तपासणी केली, तेव्हा ते हरवलेले रोमन चित्र त्याच कापडावर, वरच्या रंगाखाली, सापडले. झाडे तीच, सावल्या त्याच. वीथीतून चालणारी माणसे मात्र आता सोव्हिएत नागरिकांच्या पोशाखात होती. चित्रकाराने आपल्या तारुण्यातील चित्रावर हात फिरवून त्याला नव्या युगाचे वस्त्र का चढविले असेल, याचा विचार मनाला अस्वस्थ केल्यावाचून राहत नाही. आणि तरीही त्या वृक्षांच्या सावल्या त्याने पुसल्या नाहीत, याचे मला समाधान वाटते.

1917 साल उजाडले आणि सारे पालटले. फेब्रुवारीतील राज्यक्रांतीनंतर अल्पकाळ सत्तेवर आलेल्या केरेन्स्कीचे व्यक्तिचित्र ब्रॉड्स्कीने आरंभिले. ते पूर्ण होईतो केरेन्स्की परागंदा झालेला होता. नव्या सरकारने 1918 सालच्या एप्रिलमध्ये फर्मान काढून जुनी अकादमी बरखास्त केली आणि त्याच वास्तूत मुक्त कार्यशाळा उघडल्या, जेथे प्रवेशपरीक्षा नाही, ठराविक अभ्यासक्रम नाही, आणि विद्यार्थ्यांनी आपापला आचार्य स्वतः निवडावा असा शिरस्ता. त्या प्रयोगात काही थोर गोष्टी घडल्या हे नाकारणे अन्यायाचे होईल; कलेच्या मूलतत्त्वांविषयी इतक्या तीव्रतेने विचार करणारी माणसे एकाच छपराखाली क्वचितच जमली असतील. पण शाळा म्हणून जी वस्तू असते, जिच्यात एका पिढीचे हस्तकौशल्य दुसऱ्या पिढीच्या हातात नित्यनेमाने सोपविले जाते, ती हळूहळू विस्कळित होत गेली. संस्थेची नावे बदलली, व्यवस्था बदलल्या, अधिकारी बदलले. आणि 1930 साली तिचे ‘श्रमिकांच्या दृश्यकलेची संस्था’ अशा नावाने रूपांतर झाले, त्या सुमारास तर अकादमीच्या संग्रहालयातील चित्रे इतस्ततः पांगविण्यात आली व प्राचीन शिल्पांच्या प्लास्टर प्रतिकृती जुन्या राजवटीचा अवशेष म्हणून फोडण्यात आल्या. ज्या मूर्तींसमोर बसून शंभराहून अधिक वर्षे विद्यार्थ्यांनी प्रमाणबद्धता शिकली, त्यांचे तुकडे झाले. सत्तेच्या उन्मादात मनुष्य ग्रंथ जाळतो हे आपण जाणतो. शाळेची उपकरणे फोडणे त्याहून कमी शोचनीय नाही, कारण ग्रंथाची दुसरी प्रत कोठे तरी असू शकते, पण हाताला लागलेली सवय एकदा खंडित झाली की ती कोणत्याही दफ्तरात मिळत नाही.

या काळात ब्रॉड्स्की शाळेच्या बाहेर होता व त्याची ख्याती निराळ्या कारणाने वाढत होती. 1920 सालच्या जुलै महिन्यात पेत्रोग्राद, म्हणजे पूर्वीचे पीटर्सबर्ग, येथे कम्युनिस्ट इंटरनॅशनलच्या दुसऱ्या काँग्रेसला आरंभ झाला. याच काँग्रेसला मेक्सिकोच्या पक्षाचे प्रतिनिधी म्हणून मानवेंद्रनाथ रॉय उपस्थित होते, व पारतंत्र्यातील देशांच्या प्रश्नावर त्यांनी लेनिनच्या प्रबंधाला जोडून आपला स्वतंत्र प्रबंध मांडला. पुढे वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारख्या मराठी विचारवंतांना ज्यांच्या विचारांनी आकृष्ट केले, ते हेच रॉय. या काँग्रेसच्या उद्घाटनाचे एक प्रचंड तैलचित्र काढण्याचे काम ब्रॉड्स्कीने हाती घेतले, देशोदेशीच्या प्रतिनिधींची प्रत्यक्ष समोर बसून शेकडो रेखाटने केली, आणि 1924 साली ते चित्र पुरे केले. लेनिनला समोर पाहून केलेल्या एका रेखाटनाविषयी त्याने आपल्या आठवणींत एक प्रसंग नोंदविला आहे: हे मला माझ्यासारखे वाटत नाही असे लेनिन म्हणाला, भोवतालच्या मंडळींनी साम्याची ग्वाही दिली, तेव्हा जे आपल्याला पटत नाही त्यावर आपण प्रथमच सही करीत आहोत असे म्हणून त्याने चित्राखाली नाव घातले. त्या महाचित्राचे भवितव्य मात्र करुण झाले. त्यात ज्यांचे चेहरे इतक्या निष्ठेने टिपले होते, त्यांच्यातील अनेकांना पुढे स्तालिनच्या अमलात देशद्रोही ठरविण्यात आले, कित्येकांना प्राणास मुकावे लागले. आणि अशा माणसांनी भरलेले चित्र लोकांना दाखविणे अशक्य होऊन ते दीर्घकाळ प्रेक्षकांच्या दृष्टीआड राहिले. अचूक सादृश्य हाच ज्या चित्राचा गुण, त्या गुणापायीच ते बंदिवासात पडले.

सरकारच्या मर्जीतील हा चित्रकार होता, यात संशय नाही. परंतु त्या काळातील मर्जी ही किती दुधारी वस्तू होती याची कल्पना यावयाची तर 1928 साल पाहावे. क्रांतीच्या चित्रकारांची जी संघटना वास्तववादाची ध्वजवाहक म्हणवून घेत होती, तिनेच त्या वर्षी ब्रॉड्स्कीला सभासदत्वावरून काढून टाकले. आरोप असा की, त्याची चित्रे छायाचित्राची नक्कल आहेत, त्यांत जीवन नाही, केवळ पृष्ठभागाची शब्दशः नोंद आहे. त्याच्या नावावरून या दोषाला एक नवे नावही तेथे मिळाले. आरोपात तथ्यांश होता. मोठ्या समूहचित्रांसाठी तो छायाचित्रांचा मुक्तहस्ते उपयोग करी, आणि पुतिलोव्ह कारखान्यातील लेनिनच्या भाषणाचे 1929 सालचे चित्र पाहिले म्हणजे हजारो मस्तकांचा तो सागर पाहताना डोळे दमतात, एकाही चेहऱ्यावर विसावत नाहीत. जो चित्रकार सर्व काही सारख्याच निष्ठेने रंगवितो, त्याच्या चित्रात महत्त्वाचे काय व बिनमहत्त्वाचे काय याचा निवाडा प्रेक्षकावर येऊन पडतो, आणि तो नेहमीच प्रेक्षकाला झेपतो असे नाही.

याच पद्धतीने त्याच्या हातून एक असे चित्र झाले, की ज्याच्यासमोर टीकाकारालाही थांबावे लागते. 1930 सालचे ‘स्मोल्नीतील लेनिन’ हे ते चित्र होय. एकेकाळी सरदारघराण्यांतील मुलींचे विद्यालय असलेल्या व ऑक्टोबर क्रांतीत बोल्शेविकांचे मुख्य ठाणे बनलेल्या स्मोल्नी वास्तूतील एक साधी खोली, उघड्या लाकडी भुईवर पडलेली पुसट प्रतिबिंबे, पांढऱ्या आच्छादनाखालच्या खुर्च्या, टेबलावर वर्तमानपत्रे, आणि गुडघ्यावर कागद ठेवून लिहिण्यात मग्न असलेला एक मनुष्य. घोषणा नाही, गर्दी नाही, उंचावलेला हात नाही. समोरची खुर्ची रिकामी आहे. चित्र रंगविले गेले तेव्हा लेनिनला जाऊन सहा वर्षे झालेली होती, आणि म्हणून मला वाटते की, त्या खुर्चीच्या आच्छादनाच्या एकेका चुणीत चित्रकाराने जो जीव ओतला आहे, तो अनुपस्थितीचे चित्र काढणाऱ्याचा आहे. डहाळ्यांचे जाळे विणणारा तो जुना हात येथे कापडाच्या घड्यांत पुन्हा भेटतो. या चित्राच्या छापील प्रती पुढे शाळा, कचेऱ्या व कारखान्यांच्या भिंतींवर इतक्या असंख्य झाल्या की, मूळ चित्र पाहण्याची दृष्टीच लोप पावली. पण तो दोष चित्राचा नव्हे.

ब्रॉड्स्कीच्या स्वभावाचे औदार्य समजण्यास आणखी दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे. 1926 साली रादिमोव्ह, कात्समन व ग्रिगोर्येव्ह या चित्रकारांसमवेत तो कुओक्काला येथे रेपिनच्या भेटीस गेला. फिनलंड स्वतंत्र झाल्यापासून वृद्ध रेपिनचे पेनाती हे घर सरहद्दीपलीकडे पडले होते. स्वदेशी परतावे अशी विनंती घेऊन ही मंडळी गेली, रेपिनने त्यांचे स्वागत केले, पण तो परतला नाही व 1930 साली तेथेच निवर्तला. दुसरी गोष्ट पावेल फिलोनोव्हची. ज्याची चित्रे सूक्ष्म कणांच्या अखंड स्पंदनातून उभी राहत व ज्याला अधिकृत कलाजगत् विक्षिप्त समजे, अशा या चित्रकाराचे प्रदर्शन 1929 साली लेनिनग्रादच्या, म्हणजे पूर्वीच्या पेत्रोग्रादच्या, रशियन संग्रहालयात मांडून तयार झाले आणि जनतेसाठी कधीच उघडले गेले नाही. संग्रहालयासमोरच्याच चौकात ब्रॉड्स्कीचे घर होते. कलाविचाराच्या दृष्टीने दोघे दोन ध्रुवांवर. तरीही फिलोनोव्हच्या श्रेष्ठत्वाची ग्वाही देऊन ते प्रदर्शन उघडावे असा आग्रह ब्रॉड्स्कीने जाहीरपणे धरला. फिलोनोव्हचे काम कणाकणाने, एकेका ठिपक्याने पुरे होत असे. आणि हाताच्या तशा अखंड श्रमाची किंमत जाणणारा मनुष्य त्याच्या शैलीशी मतभेद असूनही त्याला ओळखणारच, असे मला वाटते.

1932 हे वर्ष सोव्हिएत कलेच्या इतिहासातील मोठ्या वळणाचे. एप्रिलमध्ये पक्षाच्या ठरावाने सर्व कलासंघटना विसर्जित झाल्या, आणि ऑक्टोबरमध्ये नेवाकाठच्या त्या वास्तूत कला-अकादमीची पुनःस्थापना करण्याचा हुकूम निघाला. ब्रॉड्स्की त्याच वर्षी आचार्य झाला, व 1934 साली संस्थेची सर्व सूत्रे संचालक म्हणून त्याच्या हाती आली. त्याच साली चित्रकारांत सर्वप्रथम त्याला लेनिन-पदक मिळाले. या पुनःस्थापनेचा एक अर्थ उघड होता: शासनाला आपल्या गौरवासाठी निष्णात कारागीर हवे होते. हा हेतू ध्यानात ठेवूनही, जे प्रत्यक्षात घडले त्याचे मोल कमी होत नाही. पांगलेला संग्रह पुन्हा जमवावयाचा, प्रतिकृतींची जुळवाजुळव करावयाची, शरीररचनाशास्त्राचे व यथादर्शनाचे वर्ग लावावयाचे, जिवंत मॉडेलसमोर प्रदीर्घ बैठकींची शिस्त बसवावयाची, आणि मुख्य म्हणजे ज्यांच्या हातांत जुने कसब अजून शिल्लक होते अशा वृद्धांना त्यांच्या हयातीतच तरुणांसमोर आणून बसवावयाचे. चिस्त्याकोव्हचा आवडता शिष्य वसिली साविन्स्की तेव्हा सत्तरी ओलांडून गेलेला होता व 1937 साली तो वारला. पुनःस्थापनेला आणखी पाच-सहा वर्षांचा विलंब झाला असता तर चिस्त्याकोव्हच्या पद्धतीचा तो जिवंत दुवा निखळून पडला असता. हा विचार मनात येतो तेव्हा ब्रॉड्स्कीच्या कार्याची निकड मला विशेष जाणवते.

विद्यार्थी आधी सर्वसामान्य वर्गांत प्लास्टरचे मस्तक, मग मानवी मस्तक, मग संपूर्ण नग्न देह अशा पायऱ्यांनी चढत जात, व नंतर एखाद्या आचार्याच्या व्यक्तिगत कार्यशाळेत प्रवेश मिळवून अखेरीस पदवीचित्र सादर करीत. अल्पवयीन होतकरू मुलांसाठी अकादमीस जोडून 1934 साली एक माध्यमिक कलाशाळाही उघडण्यात आली. आचार्यांच्या नेमणुकांत ब्रॉड्स्कीने जी दृष्टी ठेवली ती मला फार मोलाची वाटते. सेझानचा भक्त आणि क्रांतिपूर्व ‘चौकटचा गुलाम’ या बंडखोर मंडळीतला अलेक्सांद्र ओस्मेर्किन याची कार्यशाळा त्याच छपराखाली चालू होती, जेथे स्वतः संचालक छायाचित्रासारखी काटेकोर पद्धत शिकवीत होता. रंगाचा डाग मोठा की रेषा मोठी, हा वाद विद्यार्थी एका दालनातून दुसऱ्या दालनात नेऊ शकत होते. रशियन परीकथांच्या चित्रांमुळे आपल्याकडील मुलांनाही ज्याची अप्रत्यक्ष ओळख आहे तो इव्हान बिलिबिन 1936 साली परदेशांतून परतला, तो याच संस्थेत रेखाचित्रकलेचा आचार्य म्हणून रुजू झाला. महायुद्धातील लेनिनग्रादच्या वेढ्यात, 1942 च्या हिवाळ्यात, उपासमारीने त्याचा अंत झाला. अखेरचे दिवस त्याने अकादमीच्या तळघरात काढले. फिलोनोव्ह त्याच वेढ्यात, काही आठवडे आधी, भुकेने मेला होता.

या सर्व वर्षांवर एक काळी छाया पसरलेली होती हे विसरता येत नाही. 1934 सालच्या डिसेंबरमध्ये लेनिनग्रादचा पक्षप्रमुख किरोव्ह याचा खून झाला व त्यानंतर लेनिनग्रादमधून हजारो माणसे नाहीशी झाली. त्याच काळात ब्रॉड्स्की स्तालिनची व सेनाधिकाऱ्यांची चित्रे रंगवीत होता. 1937 सालचे, बर्फावर स्की घालून निघालेल्या व्होरोशिलोव्हचे चित्र ताज्या हवेने भरलेले आहे, आणि ते वर्ष कोणते होते हे आठवताच त्या निर्मळ हवेत श्वास घेणे अवघड होते. चित्रकाराच्या मनात काय चालले होते याचा निवाडा करण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेत नाही. मात्र ज्या हातांनी एवढ्या विद्यार्थ्यांना पाहावयास शिकविले, त्याच हातांनी दडपशाहीच्या धन्यांना उजळ प्रकाशात बसविले, ही वस्तुस्थिती त्याच्या चरित्रातून वगळली तर ते चरित्र खोटे ठरेल.

ब्रॉड्स्की 14 ऑगस्ट 1939 रोजी, छपन्नाव्या वर्षी, लेनिनग्राद येथे वारला. रेपिन, सुरिकोव्ह, सेरोव्ह, लेव्हितान, कुइंद्झी, कुस्तोदियेव्ह अशांच्या कृती त्याने आयुष्यभर जमविल्या होत्या. कला-चौकातील त्याच्या राहत्या घरात 1949 साली त्याचे संग्रहालय उघडण्यात आले. जन्मभूमीजवळच्या बेर्द्यान्स्कलाही त्याने 1930 साली चित्रे देऊन तेथील कलासंग्रहालयाचा पाया घातला होता, आणि त्या संस्थेला त्याचे नाव आहे. त्याच्या घराजवळच्या रस्त्याला अर्धशतकभर ब्रॉड्स्कीचे नाव होते. सोव्हिएत राज्याबरोबर ते गेले व जुने मिखाइलोव्स्काया हे नाव परत आले. त्याने जी संस्था उभी केली तिला 1944 साली रेपिनचे नाव देण्यात आले. शिष्यालाही हे नामकरण रुचले असते, यात मला शंका वाटत नाही.

त्याचे विद्यार्थी युद्धाच्या तडाख्यात सापडले. 1942 साली वेढ्यातून बाहेर काढलेली ही संस्था मध्य आशियातील समरकंद येथे हलविण्यात आली. युद्ध संपल्यावर जी चित्रे देशभर गाजली, त्यांतली कित्येक या विद्यार्थ्यांची होती. ब्रॉड्स्कीचा लाडका शिष्य अलेक्सांद्र लाक्तिओनोव्ह याने झागोर्स्क येथे राहून 1947 साली ‘आघाडीवरून आलेले पत्र’ रंगविले: पोपडे उडालेल्या जुन्या घराचा ओटा, मोडक्या फळ्या, उन्हाचा झोत, आणि मुलगा मोठ्याने पत्र वाचीत आहे व घरची माणसे ऐकत आहेत, त्यांच्यात एक जखमी सैनिकही आहे. फळ्यांवरचा तो प्रकाश पाहिला की स्मोल्नीतील खोलीच्या भुईची आठवण होते. गुरूने नेत्याच्या खोलीसाठी घटविलेली नजर शिष्याने सामान्य कुटुंबाच्या ओट्याकडे वळविली, आणि माझ्या मते गुरूपेक्षा हे शिष्याचे चित्र अधिक उबदार झाले. युरी नेप्रिन्त्सेव्हने 1951 साली ‘लढाईनंतरचा विसावा’ या चित्रात बर्फात बसून एका विनोदी सोबत्याच्या गोष्टीवर खळखळून हसणारे सैनिक रंगविले. त्यातील प्रत्येक चेहरा निराळा आहे, पुतिलोव्हच्या चित्रातील गर्दीत हरवलेले चेहरे जणू येथे एकेकटे समोर येऊन उभे राहिले आहेत.

ब्रॉड्स्कीने संस्थेत राखलेली ती मोकळी हवा त्याच्या पश्चात फार काळ टिकली नाही. महायुद्धानंतर रूपवादाविरुद्ध जी मोहीम उघडली गेली, तिच्यात ओस्मेर्किनला अध्यापनावरून दूर करण्यात आले आणि त्याची कार्यशाळा बंद पडली. पण तोवर येव्सेय मोइसेयेन्को नावाचा एक विद्यार्थी 1936 साली संस्थेत येऊन, त्या कार्यशाळेत शिकून, युद्धावर जाऊन, कैदेत पडून, परत येऊन 1947 साली पदवीधर झालेला होता. 1961 सालच्या ‘लाल सैनिक आले’ या चित्रातील त्याचे भरधाव घोडे ब्रॉड्स्कीच्या काटेकोर रेषेशी काहीच नाते सांगत नाहीत, त्यांच्यात सारा रंगाचा आवेग आहे. आणि हा मोइसेयेन्को 1958 पासून नेवाकाठच्या त्याच वास्तूत नव्या मुलांना शिकवू लागला.